बेभरवशाची रेघ

४१ पिल्लांपैकी ३५ नर निघाले. माद्या फक्त सहा.

मी दोनदा मोजलं. मग मोबाइलवर व्हिडिओ काढून, तो थांबवत थांबवत तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नाणं ४१ वेळा उडवलं आणि ३५ वेळा छापा आला, तर नाण्यात काहीतरी गडबड आहे एवढं मला कळतं. प्रश्न एवढाच होता की गडबड केली कुणी.

उत्तर शेवटी माझ्यापाशीच येऊन थांबलं. डिसेंबरात पुण्यात थंडी पडली म्हणून मी टाकीतला हीटर ३० अंशांवर ठेवला होता आणि पुढचा सव्वा महिना तो तसाच राहिला. त्याचा आणि नर-मादीचा काय संबंध, हे मला १९९६ सालच्या एका शोधनिबंधातून कळलं. पण तो शोधताना वाटेत माझ्या माशाच्या नावाची गोष्ट हाती लागली आणि मूळ प्रश्न बाजूला ठेवून मी दोन आठवडे तीच वाचत बसलो.

माशाचं नाव आहे अ‍ॅपिस्टोग्रामा अगासिझी.

बोटाएवढा मासा

हा सिक्लिड कुळातला मासा. हे कूळ आपल्याला अगदीच परकं नाही. गोव्यात ताटात येणारा काळुंदर याच कुळातला, तिलापियाही याच कुळातला. पण अगासिझी पडतो 'ड्वार्फ सिक्लिड' गटात. नर फार तर सात-आठ सेंटीमीटर, मादी त्याहून बरीच लहान. नराची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी टोकदार, मादीची गोल. घर अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, पेरूपासून ब्राझीलमधल्या खालच्या टप्प्यापर्यंत. तिथल्या छोट्या ओढ्यांत, झाडांचा पाला तळाशी साचून कुजतो त्या उथळ पाण्यात हे मासे राहतात.

माझ्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं. ते इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर धरतो. त्यामुळे मी आरओचं पाणी वापरतो आणि त्यात देशी बदामाची वाळलेली पानं टाकतो. पानांतला अर्क उतरून पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, थोडं आम्लही होतं. ही पानं आई रत्नागिरीहून पाठवते. पहिल्यांदा मागितली तेव्हा म्हणाली, "अरे, लोक गावाहून आंबे मागवतात, तू पाला मागवतोस?"

टाकीत एक करवंटी पालथी घातली आहे, कडेला छोटं दार कोरून. तिच्या आतल्या छताला मादी अंडी चिकटवते. अंडी घातली की तिचा रंग बदलतो. एरवीची मळकट मादी हळदीसारखी पिवळीधमक होते, अंगावर काळ्या खुणा उठतात आणि आपल्याहून दुप्पट मोठ्या नराला ती करवंटीजवळ फिरकू देत नाही.

हे सगळं मी रोज डोळ्यांनी पाहतो. ज्या माणसाचं नाव या माशाला मिळालं, त्याला यातलं काही माहीत असल्याची खूण मला कुठे सापडली नाही.

न्यूयॉर्कहून सुटलेलं जहाज

लुई अगासिझ हे १८०७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले निसर्गशास्त्रज्ञ. माणूस मोठा होता, यात वाद नाही. पृथ्वीवर कधीकाळी हिमयुग होतं ही कल्पना जगाच्या गळी उतरवण्यात त्यांचा मोठा वाटा. जीवाश्म माशांवरचं त्यांचं काम पायाभूत. विशीत असतानाच त्यांनी ब्राझीलच्या माशांवर ग्रंथ लिहिला, तोही ब्राझील न पाहता. श्पिक्स आणि मार्टियस या दोघांनी तिथून म्यूनिकला आणलेल्या नमुन्यांवरून त्यांनी तो तयार केला. पुढे ते अमेरिकेत गेले, हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि १८५९ साली तिथे प्राणिशास्त्राचं मोठं संग्रहालय उभं केलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' आलं.

अगासिझना ते कधीच पटलं नाही. त्यांच्या मते प्रत्येक प्रजाती ही देवाच्या मनातली एक स्वतंत्र कल्पना होती. ती जिथे निर्माण झाली तिथे, जशी निर्माण झाली तशीच राहते. दोन प्रजातींच्या मधली रेघ कायमची. एकातून दुसरी होत नाही.

१ एप्रिल १८६५ रोजी 'कोलोरॅडो' नावाचं जहाज अगासिझ आणि त्यांची मंडळी घेऊन न्यूयॉर्कहून ब्राझीलकडे निघालं. पैसा नॅथनिएल थेयर या बॉस्टनच्या धनिकाचा, म्हणून मोहिमेचं नाव थेयर मोहीम. सोबत पत्नी एलिझाबेथ, चित्रकार जाक बर्कहार्ट, काही सहायक आणि स्वतःच्या खर्चानं आलेले तरुण विद्यार्थी. त्यातला एक २३ वर्षांचा विल्यम जेम्स. हाच पुढे मानसशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा मोठा अभ्यासक झाला. रिओत तो आजारी पडला, बरा झाला आणि मग महिनोन्‌महिने मासे गोळा करत फिरला. नमुने गोळा करणं हे आपलं काम नव्हे, हे त्याला त्याच प्रवासात उमगलं.

अगासिझना अ‍ॅमेझॉनच्या माशांतून डार्विनला उत्तर द्यायचं होतं. प्रत्येक नदीत, प्रत्येक तळ्यात वेगळे मासे सापडले तर त्यांच्या दृष्टीनं तो वेगवेगळ्या निर्मितीचा पुरावा ठरणार होता. शिवाय हिमनद्यांनी दक्षिण अमेरिकाही झाकली होती असं त्यांना दाखवायचं होतं. बर्फानं सगळं जीवन पुसलं गेलं असेल, तर आजचे जीव जुन्या जिवांचे वंशज असूच शकत नाहीत, असा तो युक्तिवाद.

मासे तर खरंच वेगवेगळे सापडले. ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो याची मदत होती, बोट मिळाली होती, नदीकाठचे लोक जाळी आणि टोपल्या भरभरून मासे आणून देत होते. बर्कहार्ट ताज्या माशांची रंगीत चित्रं काढत होता. नव्या प्रजातींचे अगासिझ यांनी जाहीर केलेले आकडे हजाराच्या पुढे गेले. थोड्या अंतरावर मासा बदलतो, हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं. अर्थ लावताना मात्र त्यांनी प्रत्येक बदलाभोवती नवी रेघ मारली.

गंमत अशी की त्याच पाण्यावरून काही वर्षं आधी एक गरीब इंग्रज तरुण गेला होता. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८४८ ते १८५२ अ‍ॅमेझॉन आणि रिओ नेग्रोवर फिरला. परतताना त्याच्या जहाजाला भर समुद्रात आग लागली आणि चार वर्षांची मेहनत जळाली. वाचलेल्या थोडक्या गोष्टींत माशांची पेन्सिलनं काढलेली चित्रं होती. त्यानंही पाहिलं होतं की नदीच्या एका काठाला एक जात असते आणि दुसऱ्या काठाला तिचीच जवळची बहीण. पण त्याला प्रश्न पडला की या दोघी शेजारी शेजारी का? १८५८ साली नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनच्या नावासोबत त्याच्याही नावानं मांडली गेली.

नद्या त्याच होत्या, आणि किनाऱ्यावर उभी राहिलेली दोन माणसं उलट्या उत्तरांवर पोहोचली.

माशांपुरती न राहिलेली रेघ

इथपर्यंत मी हे सगळं विज्ञानातला जुना वाद म्हणून वाचत होतो. मग मनौसचे फोटो समोर आले.

अगासिझ माणसांच्या वंशांनाही वेगवेगळी निर्मिती मानत. गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्यांनी अमेरिकेत या मताचा भरपूर वापर केला होता. जहाज सुटल्यावर काही दिवसांतच, ९ एप्रिलला, जनरल ली शरण आला आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं. ब्राझीलमध्ये मात्र गुलामगिरी १८८८ पर्यंत चालू राहिली. मनौसला अगासिझ यांनी हनीवेल नावाच्या विद्यार्थ्याकडून स्थानिक स्त्री-पुरुषांचे फोटो काढवून घेतले, अनेकांचे कपडे उतरवून, समोरून, बाजूनं, पाठीमागून. मिश्र वंशाच्या लोकांकडे ते बिघडलेला नमुना म्हणून पाहत होते. तसं त्यांनी प्रवासवर्णनात लिहिलंही. फोटो आजही हार्वर्डच्या संग्रहात आहेत. जेम्सनं आपल्या डायरीत त्या खोलीतल्या प्रसंगाची नोंद केली आहे.

माशांमधली रेघ पक्की मानणारा माणूस माणसांतही तीच रेघ ओढत होता, आणि तीही त्याच प्रवासात. हे कळल्यावर टाकीवर चिकटवलेल्या लेबलवरचं त्याचं नाव मला काही दिवस खुपत राहिलं.

दारूतले मासे

मोहिमेतले मासे दारूत बुडवून पिंपांतून हार्वर्डला गेले. दारूत मासा टिकतो, पण त्याचा रंग जातो. पिवळीधमक मादी, नराच्या शेपटीची निळी-केशरी किनार, सगळं तपकिरी होतं.

अगासिझ यांना ही पिंपं स्वतः तपासून पुरी करता आली नाहीत. १८७० च्या सुमाराला त्यांनी व्हिएन्नाचे मत्स्यतज्ज्ञ फ्रान्झ स्टाइनडाख्नर यांना हार्वर्डला बोलावलं. १८७३ साली अगासिझ वारले. १८७५ साली स्टाइनडाख्नर यांनी अ‍ॅमेझॉनच्या सिक्लिडांवर लेख प्रसिद्ध केला आणि त्यातल्या एका छोट्या माशाला दिवंगत प्राध्यापकांचं नाव दिलं.

पुढचा भाग मला प्रोग्रामर म्हणून फार ओळखीचा वाटला. १९०६ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स टेट रेगन यांनी या छोट्या माशांसाठी वेगळी प्रजात, म्हणजे जीनस, केली आणि तिला 'हेटेरोग्रामा' नाव दिलं. मग लक्षात आलं की हे नाव एका पतंगाला आधीच दिलेलं आहे. प्राणिशास्त्रात दोन जीनसना एकच नाव चालत नाही, जसं एका प्रोग्राममध्ये एकाच जागी दोन व्हेरिएबलना चालत नाही. १९१३ साली रेगन यांनी नाव बदललं आणि 'अ‍ॅपिस्टोग्रामा' केलं.

ग्रीकमध्ये 'ग्रामा' म्हणजे रेघ आणि 'अ‍ॅपिस्टो' म्हणजे ज्यावर विश्वास ठेवता येत नाही असं. माशाच्या कुशीवर पाण्यातली हालचाल टिपणारी एक संवेदनशील रेघ असते. या माशांत ती तुटक आणि अनिश्चित असते, म्हणून हे नाव.

म्हणजे माझ्या माशाचं पूर्ण नाव मराठीत वाचलं तर होतं अगासिझ यांची बेभरवशाची रेघ. रेगन यांनी हा विनोद मुद्दाम केला नव्हता, तो आपोआप जमून आला. आणि तो इथेच थांबत नाही. अगासिझी हा आज त्याच्या गटातला सर्वांत बदलत जाणाऱ्या माशांपैकी एक म्हणून ओळखला जातो. तेफेचा नर वेगळ्या रंगाचा, आलेंकेरचा वेगळा. हे रंग एकाच प्रजातीचे की त्यात अनेक प्रजाती लपल्या आहेत, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. अ‍ॅपिस्टोग्रामात आज नव्वदहून अधिक प्रजाती गणल्या जातात आणि यादी वाढतेच आहे.

काचेच्या या बाजूनं

दारूतला मासा पिल्लं कशी वाढवतो हे सांगत नाही. ते कळायला मासा जिवंत हवा, आणि तासन्‌तास त्याच्यासमोर बसणारं कुणीतरी हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे काम केलं ते प्रामुख्यानं हौशी लोकांनी, त्यातही जर्मनीतल्या. घरातल्या काचेच्या टाकीत त्यांनी हे मासे वाढवले, अंडी घालताना पाहिले, वह्या भरल्या.

सगळ्यात मोठी अडचण होती पहिल्या आठवड्याची. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पिल्लं आणखी पाच-सहा दिवस पोटाखालच्या पिवळ्या बलकावर काढतात आणि मग पोहायला लागतात. त्या क्षणापासून त्यांना जिवंत, हलणारं, स्वतःच्या तोंडात मावेल एवढं खाणं लागतं. ते वेळेवर मिळालं नाही तर दोन दिवसांत टाकी रिकामी होते. माझी पहिली दोन बाळंतपणं अशीच गेली.

याचं उत्तर सापडलं मिठागरांत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी आपल्याकडच्यासारखीच मिठागरं होती आणि त्यांच्या खारट पाण्यात आर्टेमिया नावाचा इवलासा जीव वाढतो. पाणी आटत आलं की तो कवचाची अंडी घालतो. ती वर्षानुवर्षं कोरडी राहिली तरी मरत नाहीत आणि मिठाच्या पाण्यात टाकली की साधारण दिवसभरात फुटतात. १९३३ साली तिथल्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे प्रमुख अल्विन सील यांनी लिहून ठेवलं की ही नुकतीच जन्मलेली आर्टेमिया माशांच्या पिल्लांना उत्तम खाद्य आहे. १९३९ साली नॉर्वेत रोलेफसेन यांनी समुद्री माशांच्या पिल्लांवर हेच दाखवलं. आज जगभरातली मत्स्यबीज केंद्रं त्या अंड्यांवर चालतात.

माझ्या स्वयंपाकघरातही कोल्ड्रिंकची एक बाटली बूड कापून उलटी टांगलेली आहे. त्यात मिठाचं पाणी, चिमूटभर अंडी आणि हवेची नळी. सकाळी ऑफिसचा कॉल सुरू व्हायच्या आधी मी खाली जमलेले केशरी ठिपके नळीनं ओढून घेतो, धुतो आणि ड्रॉपरनं पिल्लांच्या घोळक्यावर सोडतो. दोन मिनिटांत प्रत्येक पिल्लाचं पोट केशरी दिसायला लागतं.

तिसऱ्या खेपेला पिल्लं जगली. ४१.

पाण्याची उष्णता

आता हीटरकडे परत येऊ.

हौशी लोकांच्या वह्यांत एक तक्रार वारंवार होती. एका घोळक्यात सगळे नर, दुसऱ्यात जवळजवळ सगळ्या माद्या. जोड्या लावायला कुणी मिळत नाही. शाळेत आपण शिकलो की नर की मादी हे क्रोमोसोम ठरवतात, निम्मे-निम्मे. मग हे असं का?

पहिला तडा पडला तो सरड्यांत. १९६६ साली मादलेन शार्निए यांनी सेनेगलमध्ये दाखवलं की एका सरड्यात अंड्याच्या उष्णतेवरून नर-मादी ठरतं. १९८१ साली कोनोव्हर आणि काइनार्ड यांनी अटलांटिकमधल्या एका छोट्या माशात हेच सिद्ध केलं. १९८५ साली रुबिन यांनी काही सिक्लिडांत पाण्याच्या आम्लतेचा परिणाम दाखवला. आणि १९९६ साली उवे र‍्यूमर आणि बाइजेनहेर्त्स यांचा तो निबंध आला. त्यांनी अ‍ॅपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक प्रजाती वेगवेगळ्या उष्णतेच्या आणि आम्लतेच्या पाण्यात वाढवल्या. बहुतेकांत पाणी जितकं उबदार, तितके नर जास्त. आणि ठरण्याचा काळ अंडं घातल्यापासून साधारण पहिला महिनाभर. र‍्यूमर स्वतः हे मासे वर्षानुवर्षं वाढवणारे. टाकीसमोर बसणाऱ्यांची जुनी तक्रार अशी शास्त्राच्या पानावर आली.

माझ्या नाण्याचं कोडं सुटलं. अगासिझ यांच्या नावाच्या माशात नर आणि मादी यांच्यातली रेघसुद्धा जन्माआधी ओढलेली नव्हती. ती मी प्लास्टिकच्या चकतीवर ३० हा आकडा फिरवून ओढली होती.

त्या रविवारी आईचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मुलगा होणार की मुलगी, ते पाण्यावर?"

"माशांत. माणसांत नाही. माणसांत ते वडिलांकडून येणाऱ्या क्रोमोसोमवर."

"ते आता कळलं रे. तुझ्या आजीला चार मुली झाल्या. चौथी मी. माझ्या वेळी तिच्याशी महिनाभर घरात कुणी धड बोललं नव्हतं म्हणे." मग तिनं विषय बदलला आणि पानं संपली का विचारलं.

शार्निए यांनी सरड्यांवर काम केलं त्याच्या आसपासच्या काळातली ही गोष्ट. माणसाचं लिंग बापाकडून आलेल्या क्रोमोसोमवर ठरतं हे तोवर कितीतरी वर्षं शास्त्राला माहीत होतं. आजीच्या घरात ते पोहोचलं नव्हतं. कुणाकडे बोट दाखवायचं हे तिथे आधीच ठरलेलं होतं.

पुढच्या खेपेला मी हीटर २६ वर ठेवला आणि हात लावला नाही. ३८ पिल्लं, १७ नर, २१ माद्या. दोन खेपांनी काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तिसरी चालू आहे. आत्ता लिहिताना टाकीतला दिवा मी बंद केला. पिवळी मादी अंग झटकून इशारे देते आहे. लांब राहिलेली पिल्लं ती एकेक करून तोंडात घेते, करवंटीपाशी नेते आणि आत सोडते.